कैलासयात्रेची घरची तयारी

पाच वर्षांच्या खंडानंतर कैलास-मानसरोवराची यात्रा सन २०२५ च्या जून महिन्यात पुन्हा सुरू झाली. तेव्हापासून आमच्या परिचयातील कित्येक घरांत रात्रीच्या जेवणानंतरच्या गोष्टींस एक नवा विषय मिळाला आहे. नुकतेच सेवानिवृत्त झालेले काका नकाशा पसरून बसतात. काकू लोकरीच्या मोज्यांची चौकशी करितात. आणि घरातील कर्ता मुलगा 'या वयात हे कशाला?' असे तोंडाने न म्हणता चेहऱ्याने म्हणत असतो. मजकडेही या विषयाची काही पत्रे आली. बहुतेकांतील प्रश्न एकच आहे : "पाय साथ देतील ना?" प्रश्न योग्य आहे, परंतु माझ्या मते तो अर्धाच प्रश्न आहे. पाय घरी राहून तयार करिता येतात. उंचीची सवय मात्र घरी बसून होत नाही, आणि या यात्रेत संकट येते ते बहुधा त्याच बाजूने.

प्रथम उंचीचा हिशेब पाहू. पुणे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ५६० मीटर उंच आहे. आपल्या महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई. त्याची उंची १,६४६ मीटर. मानसरोवराचे पाणीच मुळी साडेचार हजार मीटरांहून उंच आहे. जेथून प्रदक्षिणा सुरू होते ते दारचेन गाव साधारण तितक्याच उंचीवर, पहिल्या रात्रीच्या मुक्कामाचे डेरापुक पाच हजारांच्या आसपास, आणि दुसऱ्या दिवशी ओलांडावयाची डोलमा खिंड ५,६०० मीटरांच्याही वर. तीन कळसूबाया एकावर एक रचल्या तरी ही खिंड त्यांच्या माथ्यावरच राहील. एकंदर प्रदक्षिणा सुमारे ५२ किलोमीटरांची व बहुधा तीन दिवसांची असते. आळंदीहून पंढरपूरपर्यंत पायी वारी केलेल्या माणसास ५२ किलोमीटर ऐकून भीती वाटत नाही, आणि वाटूही नये. भय अंतराचे नाही, उंचीचे आहे.

उंचीवर हवेत प्राणवायू 'नसतो' असे पुष्कळ लोक समजतात. ते बरोबर नाही. हवेतील प्राणवायूचा वाटा डोलमा खिंडीतही शंभरात सुमारे एकवीस एवढाच असतो. फरक पडतो तो हवेच्या दाबात. साडेपाच हजार मीटरांवर हा दाब समुद्रकाठच्या निम्म्यावर येतो, आणि म्हणून प्रत्येक श्वासाबरोबर आत येणारा प्राणवायूही निम्मा होतो. दूध पातळ झालेले नसते. पेलाच अर्धा भरलेला मिळतो. शरीर यावर उपाय करिते. श्वास अधिक जलद व खोल होतो, मूत्रपिंडे रक्तातील क्षारांचा तोल नव्याने बसवितात, आणि पुढे काही आठवड्यांत रक्तातील तांबड्या पेशीही वाढतात. परंतु या कामास दिवस लागतात. ते घाईने उरकता येत नाही, आणि पैसा टाकून विकतही घेता येत नाही.

येथे एक चमत्कारिक गोष्ट लक्षात घ्यावी. लिपुलेख खिंडीच्या वाटेने जाणारे पूर्वीचे यात्रेकरू काली नदीच्या काठाने कित्येक दिवस पायी चढत. वाट बिकट होती, दरडी कोसळत. ऑगस्ट १९९८ मध्ये मालपा येथे दरड कोसळून दोनशेहून अधिक माणसे दगावली. त्यांत सुमारे साठ यात्रेकरू होते. त्या वाटेविषयी कोणी हळहळावे असे मुळीच नाही. तथापि तिच्यात एक गुण आपोआप होता : रोज थोडे चढणे आणि रोज थोडे अधिक उंचावर निजणे. आता मोटाररस्ता पुष्कळ वरपर्यंत गेला आहे. सुमारे ९०० मीटरांवरील धारचुलाहून निघालेला मनुष्य त्याच दिवशी तीन हजारांहून उंच असलेल्या गुंजीस पोहोचू शकतो. नेपाळमार्गे जाणारे तर नेपाळगंजच्या सपाटीवरून विमानाने सिमीकोटला, तेथून हेलिकॉप्टरने हिल्साला, आणि पुढे मोटारीने तिबेटच्या पठारावर जातात. पायांचे श्रम वाचले हे खरे. पण शरीरास जो अवकाश मिळत असे तोही गेला. पूर्वी जे वाटच करून घेई, ते आता आपण जाणूनबुजून करावयाचे आहे.

म्हणून तयारीचे दोन भाग करावे. पहिला भाग घरचा. निघण्याच्या निदान चार ते पाच महिने अगोदर तो सुरू करावा. पहिल्या महिन्यात रोज पाऊण तास झपाट्याने चालावे. वेग असा असावा की सोबत्याशी बोलता येईल, परंतु गाणे म्हणता येणार नाही. दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून तीन दिवस चढण घ्यावी. पुण्याच्या मंडळींस पर्वतीच्या पायऱ्या आहेत. मुंबईकरांस आपल्याच इमारतीचा जिना आहे. रविवारी चार-पाच तासांची डोंगरवाट करावी. सिंहगड यासाठी उत्तम. शेवटच्या दोन महिन्यांत पाठीवर पाच-सहा किलोंचे ओझे घ्यावे आणि शनिवार-रविवार असे लागोपाठ दोन दिवस चालावे. कारण यात्रेत पहिल्या दिवसाचा शीण अंगात असतानाच दुसऱ्या दिवशी उठून निघावे लागते. शेवटचा आठवडा मात्र विश्रांतीचा ठेवावा.

चढण्याचा सराव सारेच करितात. उतरण्याचा सराव कोणी करीत नाही. वास्तविक गुडघे दुखावतात व पाय मुरगळतात ते बहुधा उतारावर. डोलमा खिंडीपलीकडची वाट दगडधोंड्यांची व तीव्र उताराची आहे, आणि तेथे पोहोचेपर्यंत मनुष्य थकलेला असतो. यासाठी बैठका, एका पायावर तोल सांभाळणे, जिना सावकाश उतरणे हे रोज दहा मिनिटे करावे. सूर्यनमस्कार घालणाऱ्यांनी ते चालू ठेवावे. बूट घोट्याच्या वर येणारे घ्यावे, जाड मोज्यांवर घालून पाहूनच घ्यावे, आणि दोन महिने वापरून पायास सरावलेले न्यावे. नवे कोरे बूट घालून निघालेल्या माणसाचे पहिल्याच दिवशी फोडांनी हाल होतात. दोन्ही हातांत काठ्या असल्यास गुडघ्यांवरचा भार पुष्कळ हलका होतो.

वैद्यकीय तपासणी हा यातील टाळता न येणारा भाग आहे. भारत सरकारमार्फत जाणाऱ्यांस वयाची मर्यादा १८ ते ७० वर्षांची असते व उंचीच्या मानाने वजनाचीही मर्यादा पाळावी लागते. दिल्लीत तपासणी होते, गुंजीस पुन्हा होते, आणि तेथे अपात्र ठरलेल्यास परत पाठवितात. कित्येकांस हा जुलूम वाटतो. मला ती मोठी दया वाटते. खाजगी मार्गाने जाणाऱ्यांनी अशी चाळणी तेथे असेलच असे धरून चालू नये. ती आपणच आपल्या डॉक्टरांकडून करवून घ्यावी. हृदयविकार, काबूत नसलेला रक्तदाब, मधुमेह, दमा, पंडुरोग यांपैकी काही असल्यास ते डॉक्टरांपासून लपवू नये. 'सांगितले तर जाऊ देणार नाहीत' म्हणून औषधाच्या गोळ्या ट्रंकेच्या तळाशी दडविणारी माणसे मी पाहिली आहेत. डॉक्टरांस फसविता येते, डोंगरास नाही.

आता दुसरा भाग, हा उंचीवरचा. सर्वसाधारण नियम असा की, तीन हजार मीटरांच्या वर गेल्यावर निजण्याच्या जागेची उंची एका रात्रीत पाचशे मीटरांहून अधिक वाढवू नये, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र अधिक त्याच उंचीवर काढावी. दिवसा थोडे वर फिरून यावे व रात्री खाली निजावे, हे चांगले. यात्रेचा कार्यक्रम निवडताना पैशांपूर्वी दिवस मोजावे. जो कार्यक्रम दोन दिवस कमी व काही हजार रुपये स्वस्त म्हणून पुढे केला जातो, त्यातील ते दोन दिवस बहुधा याच विश्रांतीतून कापलेले असतात. मेघदूतातील यक्ष मेघास कैलासाकडे धाडितो, तो काही एका दमात नव्हे. थकशील तेथे डोंगराच्या माथ्यावर विसावा घे, क्षीण झालास तर नद्यांचे पाणी पी, असे तो त्यास बजावितो. ज्यास ना हृदय ना फुप्फुसे, त्या ढगासही कवीने मुक्काम दिले. आपण तर हाडामांसाची माणसे.

आपल्या घरांतून या प्रसंगी काही उपाय हमखास सुचविले जातात. कापराची पुडी हुंगण्यास देतात. कापराने नाकास गार वाटते व श्वास मोकळा झाल्याचा भास होतो. रक्तातील प्राणवायू त्याने वाढत नाही. कापूर पोटात गेल्यास तर तो विषारी आहे, हेही ध्यानात असावे. प्राणायामाचा अभ्यास असणाऱ्यास धाप लागली असता धीर राहतो, हा लाभ लहान नाही. परंतु घरी केलेला प्राणायाम उंचीवरच्या मुक्कामांची जागा घेऊ शकत नाही. ॲसिटाझोलामाइड नावाचे औषध मात्र खरोखर उपयोगी आहे. ते श्वसनास चालना देऊन शरीराच्या जुळवून घेण्यास मदत करिते. प्रतिबंधासाठी ते सामान्यतः १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, चढण्याच्या आदल्या दिवसापासून देतात. डॉक्टरांच्या सल्ल्यावाचून ते घेऊ नये, आणि सल्फा जातीच्या औषधांची बाधा होत असल्यास ते आधी सांगावे. झोपेच्या गोळ्या व मद्य यांनी रात्रीचा श्वास मंदावतो. ती सर्वथा वर्ज्य.

आहाराविषयी गृहिणींस दोन शब्द. उंचीवर भूक मरते, आणि नेमके त्याच वेळी शरीरास अन्न अधिक लागते. म्हणून रुचीचे व पचावयास हलके असे बरोबर द्यावे : मेतकूट, भाजलेले पोहे, राजगिऱ्याचे लाडू, गूळपापडी, खजूर, सुंठ. पाणी दिवसभर थोडे थोडे प्यावे. लघवी फिकट होत असली म्हणजे पुरेसे होत आहे असे समजावे. एकादशी, सोमवार इत्यादि उपवासांचे काय, असे एका वाचक भगिनीने विचारिले आहे. प्रवासी व आजारी यांस आपल्या शास्त्रकारांनी नेहमीच सवलत दिली आहे. नेम पुढल्या पंधरवड्यात घरी पुरा करावा. डोलमा खिंड रिकाम्या पोटी चढू नये.

कपड्यांविषयी एवढेच सांगतो की, अंगालगत सुती कपडा घालू नये. तो घामाने भिजतो, लवकर सुकत नाही, आणि वारा सुटला की अंगातील ऊब ओढून घेतो. आत पातळ लोकरीचा, त्यावर जाड लोकरीचा, आणि सर्वांत वर वारा व पाऊस अडविणारा, असे तीन थर असावे. दर हजार मीटरांस हवा सुमारे साडेसहा अंशांनी थंड होते, ऊन मात्र अधिकच प्रखर होते. बर्फावरून परतणाऱ्या प्रकाशाने डोळे तात्पुरते आंधळे होऊ शकतात. म्हणून कडेने झाकलेला गडद चष्मा हा चैनीचा पदार्थ नव्हे.

इतकी तयारी करूनही उंची बाधणार नाही अशी हमी कोणासही देता येत नाही. ही गोष्ट नीट समजली पाहिजे. उंचीचा आजार अशक्तास गाठतो व सशक्तास सोडतो, असे नाही. किंबहुना सशक्त मनुष्य भराभर चढतो व त्यामुळे अधिक वेळा फसतो. डोके दुखणे, मळमळणे, अन्नावरची वासना जाणे, गळून जाणे ही पहिली खूण. तेवढ्यावर थांबून विश्रांती घेतली तर बहुतेकांस एक-दोन दिवसांत उतार पडतो. लक्षणे असताना अधिक उंचीवर निजावयास मात्र कदापि जाऊ नये. चालताना झोक जाणे, बोलण्यात विसंगती येणे, ही मेंदूस सूज येत असल्याची खूण. स्वस्थ बसले असताही धाप लागणे, सतत खोकला व फेसाळ किंवा तांबूस थुंकी, ही फुप्फुसांत पाणी साचत असल्याची खूण. या दोहोंपैकी काहीही दिसल्यास सकाळची वाट पाहू नये. प्राणवायूची नळकांडी, औषधे सारे द्यावे. परंतु मुख्य औषध एकच : खाली उतरणे. बोटास लावावयाचे ऑक्सिमीटर जवळ असावे; पण पाच हजार मीटरांवर त्यातील आकडा निरोगी माणसाचाही ऐंशीच्या घरात येतो, म्हणून आकड्यापेक्षा माणसाकडे पाहावे. एका पावलाची टाच दुसऱ्याच्या चवड्यास लावीत सरळ रेषेत दहा पावले चालावयास सांगावे. ज्यास ते साधत नाही, त्याची यात्रा तेथे संपली.

सन २०१९ मध्ये माझा एक जुना विद्यार्थी आपल्या आत्याबाईंस घेऊन नेपाळमार्गे गेला होता. आत्याबाईंचे वय एकसष्ट. रोज पहाटे पर्वती चढणाऱ्या, आणि सगळ्या तुकडीत त्यांच्याइतकी चपळ बाई दुसरी नव्हती. डेरापुकला पोहोचल्या तेव्हा डोके दुखत होते, ते त्यांनी कोणास सांगितले नाही. संध्याकाळी हातमोजे घालावयास गेल्या तो उजव्या हाताचा डाव्या हातात घालू लागल्या, आणि भाच्याने टोकले तेव्हा त्याला त्याच्या वडिलांच्या नावाने हाक मारली. त्याने त्यांस दहा पावले चालावयास सांगितले. तिसऱ्या पावलास त्या भिंतीवर कलल्या. तुकडीत एक डॉक्टर होते, त्यांनी प्राणवायू लावून औषध दिले व म्हणाले, आताच उतरा. आत्याबाई रडू लागल्या. "अरे, देवाच्या दारात आणलेस आणि मागे नेतोस? पुन्हा का मी येणार आहे?" भाचा म्हणाला, "आत्या, दर्शन झाले. समोर बघ, देव उभा आहे. आता घरी चल." डेरापुकहून कैलासाचे उत्तरेकडील मुख अगदी समोर दिसते. त्या रात्रीच स्थानिक माणसांच्या मदतीने त्याने त्यांस दारचेनला आणिले, व तेथून मोटारीने आणखी खाली टकलाकोटला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्या उठून बसल्या व चहा मागितला.

घरी आल्यावर मात्र त्यांस निराळ्याच दुखण्यास तोंड द्यावे लागले. मावंद्यास आलेल्या एका वडीलधाऱ्या नातलगांनी पंक्तीत सर्वांसमक्ष म्हटले, "प्रदक्षिणा अर्धी टाकून आलात, त्यापेक्षा गेला नसता तर बरे." आत्याबाई पानावरून उठल्या नाहीत, पण त्या दिवशी जेवल्याही नाहीत. विद्यार्थी मजकडे आला आणि म्हणाला, "मास्तर, मी चुकलो का?" मी त्यास वनपर्वातील गंधमादनाची कथा काढून दाखविली. त्या पर्वतावर चढताना द्रौपदी मूर्च्छित होऊन पडते. पांडव काय करितात? नकुल धावून तिला सावरतो, तिचे पाय चेपितात, तिला शुद्धीवर आणितात, आणि भीम घटोत्कचाचे स्मरण करून त्यास साहाय्यास बोलावितो. 'एवढ्या दूर आलीस, आता चाल' असे त्यांपैकी एकही म्हणत नाही. धर्मराज ज्या तांड्यात होता तेथे हे घडले, तर आपण त्याहून कडक धर्म कोठून आणावा? तू बरोबर केलेस, असे मी त्यास निःशंकपणे सांगितले. आज या पानावरूनही तेच सांगतो.

माझे सांगणे आहे ते मुख्यतः घरी राहणाऱ्या मंडळींस. डोंगरावर मनुष्य आपले लक्षण का लपवितो? पुष्कळदा आपल्या भीतीने. इतका खर्च झाला, चारचौघांत सांगितले, सुनेने रजा काढून घर सांभाळिले. आता परत गेलो तर लोक काय म्हणतील? हा विचार त्याच्या डोक्यावर पिशवीपेक्षा अधिक भार टाकितो. शिवाय तेथे त्याचे डोकेच उंचीने मंदावलेले असते. नेमक्या निर्णयाच्या वेळी निर्णयशक्ती दुबळी होते. म्हणून तो निर्णय घरीच, माजघरात सर्वांनी बसून, डोके शांत असताना करून ठेवावा.

निघण्यापूर्वी तीन गोष्टी ठरवाव्या व कागदावर लिहाव्या. एक : डोके दुखले की त्याच वेळी सोबत्यास सांगावयाचे, सहन करावयाचे नाही. दोन : परत फिरावे असे सोबत्याने किंवा तुकडीतील डॉक्टराने म्हटले, तर ज्यास बाधा झाली त्याने वाद घालावयाचा नाही; आणि एक परतला तर घरचा दुसरा त्याजबरोबर परतेल, एकट्यास खाली धाडावयाचे नाही. तीन : घरच्यांनी फोनवर "प्रदक्षिणा पुरी झाली का?" असे विचारावयाचे नाही, "जेवलात का, झोप लागली का, डोके दुखते का?" एवढेच विचारावयाचे. या कागदावर जाणाऱ्याने व घरातील वडील माणसाने, दोघांनीही सही करावी. परतण्याचे एक-दोन दिवस व त्यांचा खर्च पहिल्यापासूनच हिशेबात धरावा, म्हणजे पैशाची सबब उरत नाही.

एवढे करून जो जाईल त्याने निर्धास्त जावे, आणि घरच्यांनीही त्यास हसतमुखाने निरोप द्यावा. साठी उलटली म्हणून हिमालय कोणास बंद नाही. सावकाश चालणारास तो पुष्कळ उदार आहे. आणि कोणी मध्येच परत आला, तर त्याच्या मावंद्यास नेहमीप्रमाणेच पुरणपोळी करावी, व पंक्तीत त्यास पहिले पान वाढावे.

पुढील अंकी वृद्धांच्या प्रवासपेटीत कोणती औषधे असावी याविषयी लिहीन.